मुक्त म्हणजे कुणापासून?

पारिजात सोसायटीच्या फाटकावर शुक्रवारी सकाळी एक कागद लागला. चंद्रभागा त्या वेळी बाजूच्या गल्लीत पाटीपुढे बसून मांदेलीचे वाटे लावत होती. वाचायला तिची सून हेमांगी गेली, आणि परत आली ती हात कमरेवर ठेवूनच.

"आई, रविवारी साडेदहाला यांची सभा हाय. ही गल्ली फेरीवालामुक्त करनार. लोखंडी गेट लावनार."

"कुनी सांगला?"

"सांगायला कशाला हवा? लिवलाय ना कागदावर. खाली मागणी करणाऱ्यांच्या सह्या पन हायत."

चंद्रभागेने हातातला वाटा मोडला आणि पुन्हा लावला. डोंबिवली पश्चिमेच्या या गल्लीत ती एकतीस वर्षं बसत होती. त्याआधी तिची सासू बसायची, तेव्हा इथे सोसायटी नव्हती, राघो पाटलाचं भाताचं शेत होतं आणि बांधावर आंब्याखाली म्हावरा विकला जायचा. राघोने जमीन बिल्डरला दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की कोळणी बसतात त्या बसू देत. बिल्डर म्हणाला, बसा. सोसायटीचे पहिले सेक्रेटरी म्हणाले, बसा. राघो गेला, बिल्डर गेला, तो सेक्रेटरीही मुलाकडे पुण्याला गेला. नऊ जणी बसत राहिल्या. कागद कुणाकडेच नव्हता. गल्ली मात्र सोसायटीच्या नावावर होती. हे चंद्रभागेलाही ठाऊक होतं.

दुपारी पाट्या आवरताना विजेच्या खांबावर आणखी एक कागद दिसला. हा पिवळा होता, मोठ्या अक्षरांचा. हेमांगीने तोही वाचला.

"मुक्त बाजार, काळाची गरज. परिसंवाद. शनिवारी सायंकाळी पाच वाजता, वाचनालयाचं सभागृह. वक्ते, हरिहर दांडेकर. सर्वांना प्रवेश मुक्त."

"हरिहर म्हंजे दुसऱ्या माळ्यावरचे सर," तुळसा म्हणाली. तुळसा वयाने सगळ्यांत मोठी आणि जिभेने सगळ्यांत तिखट. "ते म्हावरा खात नाय. नाकाला रुमाल लावून जातात. आता कळला ना? शनिवारी गाव गोळा करनार, बाजार मुक्त करा म्हनून सांगनार, नि रविवारी गेट. आनि बघा गो, प्रवेश पन मुक्त! म्हंजे आपल्याला आत पन नाय घेनार!"

कुणी हसलं नाही. स्टेशनबाहेर फेरीवालामुक्त परिसर, रेतीबंदरच्या रस्त्यावर प्लास्टिकमुक्त प्रभाग, शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळा. इतक्या वर्षांत ज्या पाटीवर 'मुक्त' लिहिलेलं पाहिलं, तिथून काहीतरी काढून टाकलेलं होतं. मग मुक्त बाजार म्हणजे काय, हे निराळं कुणी सांगायची गरज नव्हती.

"आपन जायचा," चंद्रभागा म्हणाली. "नऊच्या नऊ जनी. आनि ते मुक्त बोलले की उठायचा."

---

वाचनालयाच्या सभागृहात साठ खुर्च्या होत्या आणि चौदा माणसं. चौदाही जणांचे केस पांढरे. हरिहर सर फळ्यापाशी उभे राहून खडू मोडत होते. सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर गेली बारा वर्षं दर दोन महिन्यांनी असा परिसंवाद भरवायचे. कधी शेतमालाच्या भावावर, कधी परवाने आणि परवानग्यांवर, कधी माणसाच्या स्वातंत्र्यावर. चौदाचे सोळा कधी झाले नव्हते.

दारातून नऊ जणी आणि त्यांच्यासोबत हेमांगी आत आल्या, कासोटा घातलेली तुळसा सगळ्यांत पुढे, तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला तो पाहून चंद्रभागा गोंधळलीच. गल्लीतून रुमाल लावून जाणारा हा माणूस पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "या, या. पुढे बसा. मागून फळा दिसत नाही."

त्या पुढे बसल्या. चंद्रभागेने पदर खोचला आणि कान टवकारले. मुक्त म्हटलं की उठायचं.

सर मुक्त म्हणालेच नाहीत, बराच वेळ. ते म्हणाले, "समजा एका गावात एकच माणूस मासे विकतो. दुसऱ्याला विकायची परवानगी नाही. तो शिळं देईल, महाग देईल, तोंड वाकडं करून देईल. गिऱ्हाईक जाईल कुठे? आता समजा दुसरी बाई पाटी घेऊन बसली. पहिल्याला आपोआप ताजं आणावं लागतं. पोलीस लागत नाही, साहेब लागत नाही. कुणी कुणाशी घ्यायचं-द्यायचं ते दोघांनी राजीखुशीने ठरवावं, आणि नव्या माणसाला आत यायचं दार बंद असू नये. सरकारचं काम काय? फसवाफसवी होऊ न देणं, मारामारी होऊ न देणं, आणि दिलेला शब्द पाळला जातोय हे बघणं."

चंद्रभागा मान हलवत होती, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मान थांबवली. तुळसेने तिला कोपराने ढोसलं. "हे तर आपल्यासारखाच बोलतात. उठायचा कवा?"

तेवढ्यात सर म्हणाले, "यालाच मुक्त बाजार म्हणतात," आणि चंद्रभागा उठली. रागाने उठायचं ठरलं होतं, पण आता राग सापडेना. तिने सरळ विचारलं.

"सर, मुक्त म्हंजे कुणापासून?"

"कुणापासून म्हणजे?"

"फेरीवालामुक्त म्हंजे फेरीवाले नाय. प्लास्टिकमुक्त म्हंजे प्लास्टिक नाय. मग मुक्त बाजार म्हंजे बाजारच नाय, असा का?"

चौदांपैकी दहा जण हसले. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी दोन शब्द एकाखाली एक लिहिले. फेरीवालामुक्त. मुक्त बाजार. मग खडू हातात धरून जरा वेळ नुसते बघत राहिले.

"बरोबर वाचलंत तुम्ही," ते म्हणाले. "हसण्यासारखं यात काही नाही. इथे मुक्त शेवटी आलाय, म्हणजे त्याच्या आधी जे आहे ते काढून टाकलं. इथे तो आधी आलाय, म्हणजे बाजारच मोकळा केला. जागा बदलली की अर्थ उलटा. मी बारा वर्षं पत्रकं छापतोय आणि खांबावर शेजारी दुसरी कुठली पाटी आहे ते एकदाही पाहिलं नाही. लोक का येत नाहीत म्हणून उगाच लोकांना नावं ठेवत होतो."

"मोकळा बाजार लिवायचा मग," हेमांगी म्हणाली.

"लिहायला हवं होतं."

इथे सगळं गोड झालं असतं, पण तुळसा तशी सोडणारी नव्हती. "सर, मोकळा तर मोकळा. मग सोसायटीच्या कागदावर दुसरी सही कुनाची हाय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझी आहे."

"का?"

"वास येतो म्हणून. सेक्रेटरी सुदेशनं कागद आणला, मी केली. विचार केला नाही."

"मग खोडा!"

"थांबा, आज्जी. तुम्ही समोर आहात म्हणून मी आता सोपं उत्तर देणार नाही. गल्ली सोसायटीची आहे. स्वतःच्या जागेत कुणाला बसू द्यायचं हे मालकानं ठरवायचं असतं, हेही मीच शिकवतो. बाजार मोकळा याचा अर्थ दुसऱ्याची जागा फुकट, असा होत नाही."

बायकांत कुजबुज झाली. चंद्रभागेला वाटलं, झालं, शेवटी सर गेटवरच आले. पण सर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि वर्गातल्या मागे राहिलेल्या पोराला विचारावं तसं सावकाश विचारलं, "एकतीस वर्षांत तुम्ही सोसायटीकडे मागितलंत काय?"

"काय मागायचा? बसा बोलले, बसलो."

"म्हणजे मेहरबानी. मेहरबानी करणाऱ्याचं मन बदललं की ती संपते. तुम्ही त्यांना काय द्याल, ते तुम्हांला काय देतील, हे बोलून लिहून घेतलं तर तो करार. तो एकट्याला मनात आलं म्हणून मोडता येत नाही. बोलणी करून बघा. ते नाही म्हणू शकतात, हे धरून चाला."

"सर, मी एक विचारू?"

आवाज मागून आला. शेवटच्या रांगेत, मागाहून आलेली पंचविशीची एक मुलगी उभी होती. तिला पाहिलं आणि चंद्रभागेच्या कपाळावर आठी चढली. ही कृतिका. शहाडहून यायची, बर्फाचा निळा खोका घेऊन. कोळीण नाही, आगरीण नाही, बी.कॉम. झालेली. ऑफिसातली नोकरी सुटली म्हणून मासे साफ करून, तुकडे करून, हातमोजे घालून विकायला लागलेली. वर नंबर छापलेली कार्डं वाटायची. तीन आठवड्यांपूर्वी ती गल्लीत बसली, आणि दोन दिवसांत नोकरी करणाऱ्या सगळ्या बायका तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मी त्या गल्लीत बसायला आलेली," कृतिका म्हणाली. "या मावशींनी माझा बॉक्स उचलून रोडवर ठेवला. म्हणजे सोसायटीनं गेट लावलं तर ते चुकीचं, आणि मला उठवलं ते बरोबर, असं कसं?"

"तू मधीच टपकलीस!" चंद्रभागा वळून ओरडली. "आमच्या सासवा बसल्यात तिकडं!"

"मग माझी सासू नाहीये तिकडे बसलेली. माझा काय प्रॉब्लेम त्यात?"

या वेळी चौदाही जण हसले. चंद्रभागेने सरांकडे पाहिलं. सरांनी दोन्ही हात वर केले. "हा प्रश्न मला नाही. तुम्हांला आहे."

चंद्रभागा खाली बसली आणि परिसंवाद संपेपर्यंत पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

---

घरी जाऊन तिने चहासुद्धा घेतला नाही. ओटीवर हेमांगीला वही घेऊन बसवलं आणि सांगत गेली. दीड वाजता गल्ली धुवायची, पाळी लावून. खवले, आतडी पिशवीत भरून आपण न्यायची, गटारात टाकायची नाहीत. बर्फाचं पाणी पिंपात. महिन्याला भाडं. हेमांगीने भाड्याचा आकडा विचारला तेव्हा चंद्रभागेने सांगितला, मग थोडा वाढवला.

"आनि त्यांनी काय द्यायचा?" हेमांगी म्हणाली.

"एक नळ. नि सावली. पत्रा टाकला तरी चालंल."

रविवारचे साडेदहा म्हणजे धंद्याची खरी वेळ. त्या दिवशी सात जणी हेमांगीला घेऊन सोसायटीत गेल्या आणि गल्लीत मागे राहिल्या दोघी. गिऱ्हाईक त्यांना पुरेना, आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये सभा चालली होती तिथपर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता.

सभेत बत्तीस सभासद. सेक्रेटरी सुदेश चाळिशीचा, नीटनेटका, वाईट माणूस नव्हे. पण त्याच्याकडे रोज कुणीतरी तक्रार घेऊन यायचं आणि त्याला ती एकदाची मिटवायची होती. "सभासदांशिवाय कुणाला बोलता येत नाही," तो म्हणाला.

हरिहर सर उठले. "माझी सही त्या मागणीवर आहे, आणि अजून मी ती काढलेली नाही. ज्यांना उठवायचं त्यांचं ऐकून मग ठरवावं, एवढंच माझं म्हणणं."

चंद्रभागा बोलली. वही हेमांगीच्या हातात होती, पण तिला वही लागली नाही. विनवणी तिने केली नाही, सासूचं नाव काढलं नाही, राघो पाटलाचंही नाही. आम्ही हे देऊ, तुम्ही हे द्या, एवढंच.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"वास काय भाड्यानं जातो का?"

"पावसात गल्लीतून चालता येत नाही, बोला!"

"अहो, दारात ताजी कोलंबी मिळते ते दिसत नाही का? मार्केटात जाऊन बघा एकदा!"

"तुम्ही तळमजल्यावर राहता, तुम्हांला मिळते. आम्हांला नुसता वास मिळतो."

सुदेशने टेबलावर पेन आपटलं. त्याने कागदावर काही ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. सहा महिन्यांचा करार. सकाळी आठ ते दुपारी दीड. भाडं, धुलाई, कचरा, सगळं चंद्रभागेने सांगितलं तसं. नळ देऊ. शेवटची ओळ अशी होती: खाली नावे दिलेल्या नऊ जणींखेरीज अन्य कुणासही सदर गल्लीत विक्रीस बसता येणार नाही.

"ही ओळ असेल तर मी सभेकडून होकार आणतो," तो म्हणाला. "नऊ म्हणजे नऊ. गर्दी वाढायला नको."

तुळसेचा चेहरा उजळला. "घे गो बाय, कर सही," ती कानात म्हणाली. "ती निळ्या डब्यावाली पन कायमची गेली."

चंद्रभागेने पेन हातात घेतलं. काल दुपारी कुणी हा कागद पुढे केला असता तर तिने डोक्याला लावून घेतला असता. जागा पक्की होत होती. हवं ते सगळं होत होतं, आणि न मागितलेलंही. नऊ नावांत तिचं नाव पहिलं होतं.

तिने नावं पुन्हा वाचायला सांगितली. हेमांगीने वाचली. त्यांत हेमांगी नव्हती. ती पाटीमागे उभी राहून पैसे घ्यायची, मासे निवडायची, पण बसणाऱ्या नऊ जणींत तिची गणती नव्हती.

"मी नाय राहिले तर माझ्या जागी ही बसंल?" चंद्रभागेने विचारलं.

"ते तेव्हा बघू ना," सुदेश म्हणाला. "अर्ज करायचा. कमिटी ठरवेल."

"म्हंजे परत बसा बोलायला तुमीच."

"अहो, तुमच्यासाठीच घातलीय ती ओळ!"

"हाय. आज माझ्यासाठी हाय." तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता, आणि कालची ती मुलगी उभी राहून विचारत होती तसा तिचा आवाज कानात येत होता. "दार लावाची कडी तुमच्या हातात. आज तिच्यावर लावली, उद्या माझ्यावर लावाल. नावं नको. जागा लिवा. बारा पाट्या मावतात गल्लीत. जी भाडं देईल, पाळीनं धुईल, ती बसंल. तेरावीला जागा नाय."

"चंद्रे!" तुळसा म्हणाली.

सुदेशने हात झटकले. "मग भांडणं होणार आणि मिटवायला मला बोलावणार. नावं असतील तर करार, नाहीतर गेट. मी सरळ सांगतो."

बाहेर गल्लीत कुणीतरी बोंबलाचा भाव विचारत होतं. चंद्रभागेने पेन टेबलावर ठेवलं.

"भांडान झाला," ती म्हणाली, "तर मी मिटवीन. नाय मिटला तर पयली पाटी माझी उठंल. हे लिवा. माझा नाव तिकडं लिवा."

सुदेशने हरिहर सरांकडे पाहिलं. या बाईच्या तोंडी हे कुणी घातलं असा त्याचा चेहरा होता. सर मात्र स्वतःच अचंबा वाटल्यासारखे बसले होते. काल फळ्यावर जे सांगितलं त्यात एवढं सगळं होतं का, हे जणू ते मनात तपासत होते.

"मतदान घ्या," ते म्हणाले.

हात वर झाले. सुदेशने दोनदा मोजले. बारा जागांच्या कराराच्या बाजूने सतरा, विरोधात पंधरा. सतरावा हात सरांचा होता, आणि तो वर ठेवूनच ते म्हणाले, "वास मला आजही सहन होत नाही, हेही इतिवृत्तात लिहून घ्या."

"सर, खिडकी लावा ना मग," तळमजल्याच्या बाई म्हणाल्या.

सुदेशने शेवटची ओळ खोडली, वर नवीन लिहिली, आणि खोडलेल्या जागी दोघांनी सह्या केल्या. चंद्रभागेची सही मोठी, सुटी सुटी. तिला पूर्ण व्हायला वेळ लागला आणि कुणीही घाई केली नाही.

---

खाडीकडच्या रस्त्याने परतताना तुळसा चार पावलं पुढे चालत होती. बाकीच्या जणी मध्ये, कुणाच्या बाजूने चालावं ते न कळल्यासारख्या. वळणावर तुळसा थांबली आणि वळली.

"पक्की जागा होती. पक्की. आता कोन कोन येतील ते बघ. टिटवाळ्यासून येतील, मुंब्र्यासून येतील."

"तीनच येतील. बारात तीनच उरल्यात."

"तीन काय थोडी? गिऱ्हाईक फुटला तर काय करशील?"

"ताजा आनीन," चंद्रभागा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मना पन भीती वाटते, मावशी. नाय कशी?"

तुळसेने तोंड वेडंवाकडं केलं, पण यापुढे ती चार पावलं पुढे गेली नाही.

घरी आल्यावर चंद्रभागेने हेमांगीला ते कार्ड काढायला सांगितलं. कृतिकाने गल्लीत वाटलेलं एक कार्ड हेमांगीने वहीत ठेवलं होतं. का ठेवलं होतं हे सासूने विचारलं नाही. हेमांगीने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

"कोण बोलतंय?"

"चंद्रभागा. डोंबिवलीची. तुझा खोका उचलला ती."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खट्ट आवाज आला.

"बुधवारपासून भाडं सुरू हाय," चंद्रभागा म्हणाली. "बारा पाट्यांची जागा, तीन रिकाम्या. भाडं सगळ्यांना सारखा. दीडला गल्ली धुवायची, पाळी लावलीय. पयल्याच दिशी पाळी घेशील तर बरा, बायका जरा गप बसतील."

"म्हणजे मावशी, मी बसू?"

"बस असा मी नाय बोलले," चंद्रभागा म्हणाली. "जागा हाय. बसाचा का नाय, ते तू ठरव."